टायरवरचा पांढरा पट्टा

मंगळवार, संध्याकाळ. नागाव.

आज फियाटचे टायर बदलून आणले. सुलभा गेल्यापासून गाडी वाडीत उभीच होती, टायरना तडे गेलेले.

अलिबागचा दुकानदार म्हणाला, "काका, चालवणार की नुसती उभी ठेवणार? तसे टायर देतो." जुनी फियाट आहे, एवढंच सांगितलं. मग त्याने पांढऱ्या पट्ट्याचे काढले. जुन्या गाडीला शोभतात म्हणे. शोभतात, माहीत आहे! पण आमच्या गाडीचा पट्टा सुलभा रंगवायची. दर दसऱ्याला, पूजेच्या आधी, अंगणात फतकल मारून. आयता पट्टा कसा घेऊ? साधे काळे घेतले. आता वाटतंय, चुकलं का? रंगवणार कोण?

"जुने इथंच टाकू?" त्याने विचारलं. नको म्हटलं. त्यांच्यावर तिचा पट्टा आहे अजून, पिवळा पडलेला. तीन मागे कोंबले, चौथा माझ्या शेजारच्या सीटवर.

आक्षीजवळ स्पीडब्रेकर आला आणि माझा डावा हात आपसूक आडवा गेला, टायरला सावरायला. तिला सावरायचो तसाच. ती दर वेळी चिडायची, "अहो, लहान आहे का मी?"

हाताला तिच्या रंगाचे कपचे चिकटलेत. घरी येऊन तास झाला, अजून हात धुतलेला नाही.