दीपगृहातली शेळी

४ फेब्रुवारी

सकाळपासून डोकं भणभणतंय! एका उताऱ्यापायी अख्खी बैठक वाया. दीपगृहाचा रखवालदार आणि त्याची शेळी – एवढंसं तर आहे! आकडेबाई म्हणाल्या, कठीण. (वाचनचाचणीचे उतारे ठरवणाऱ्या आमच्या समितीत त्या प्रत्येक वाक्यातले शब्द मोजतात. नाव मीच ठेवलंय.) मी म्हटलं, सोपा. चौथीच्या मुलाला एवढं वाचता येत नसेल तर त्याला वेगळं बसवायलाच हवं. उतारा सोपा ठरला की होणारही तेच – चाचणीत जो अडखळेल तो मागच्या खोलीतल्या वर्गात. आकडेबाईंनी नाक मुरडलं. अध्यक्षांनी नेहमीसारखं घोंगडं भिजत ठेवलं – ओळखीच्या मुलांकडून वाचून घ्या, मग बोलू.

ओळखीचं कशाला? घरातच चौथीतली लेक आहे.

५ फेब्रुवारी

उतारा जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. दुपारी बघते तर सासऱ्यांच्या खोलीत! शेळी झकास आहे, म्हणाले. आजोबा आणि नात रोज दार लोटून काय खलबतं करतात कोण जाणे. मला या घरात कुणी काही सांगत नाही.

८ फेब्रुवारी

लेकीला समोर बसवलं. घडाघडा वाचला तिने! 'क्षितिज'सुद्धा न अडखळता.

वर्षभर तिच्या वर्गशिक्षिकेचं एकच पालुपद – वाचायला उभी केली की गप्प होते. मी हे कुणाला बोलले नाही. इथेही लिहिलं नाही. उतारे तपासणारी मी, आणि माझ्याच पोरीला... जाऊ दे. आज जिवात जीव आला. मिठी मारली तर म्हणते, सोड ना, हात ओले आहेत तुझे.

९ फेब्रुवारी

चैन नाही. काल वाचताना लेकीच्या हातात कागद आणि डोळे सारखे माझ्या तोंडाकडे – असं का? शाबासकी हवी असेल. मी उगाच खुसपटं काढते.

११ फेब्रुवारी

जिंकले! लेकीचं सांगितलं. आकडेबाईंनी विचारलं, "एका मुलीवरून ठरवायचं?" मी फाडकन म्हटलं, "पोटच्या पोरीला काय येतं ते मला कळत नाही का?" त्यांनी वही मिटली. उतारा 'सोपा'त गेला. उठता उठता अध्यक्षांनी आपली हौस भागवून घेतली – शेळीच्या जागी कुत्रा घातला. शेळी एवढा जिना चढेल का, म्हणे! घाला बापडे.

घरी येईपर्यंत आनंद कुठेतरी सांडला. आकडेबाईंचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

१२ फेब्रुवारी

चहा घेताना नवी प्रत लेकीच्या हातात दिली. सहजच. तिने वाचली – खणखणीत, कुठेही न थांबता. रखवालदाराने दिवा लावला. शेळी जिना चढून वर आली. शेळीने क्षितिजाकडे पाहिलं.

कागदावर शेळी कुठेच नाही.

सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. रोज दार लोटून हेच चाललं होतं तर – ते वाचायचे, ही ऐकून पाठ करायची!

लेकीने कागद माझ्या हातात दिला. "सोपा आहे ना, आई?"