चिठ्ठीत नाव नको

इंदापूर, १२ जानेवारी २०२५

चि. सुप्रियास, अनेक आशीर्वाद वि. वि.

बोर्डिंगच्या गच्चीवर शनिवारी आपण केस वाळवत बसायचो, आठवतं? तू माझ्या मांडीवर झोपायचीस आणि घंटा झाली की मलाच विचारायचीस, ताई, उठवलं का नाहीस. काल वर्ग संपल्यावर खुर्च्या रचताना उगीच आठवलं. खुर्च्या चाळीस आहेत आणि माझे गुडघे दहाव्यालाच संप करतात. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

चर्चच्या हॉलमधला पालकवर्ग चालला आहे. निम्म्याहून जास्त आया ख्रिस्ती नाहीत. द्वारकाबाई सुनेला सोडायला येतात आणि मागे बसून टोमणे मारतात. काल म्हणाल्या, पोरं वाढवायची बी साळा असती व्हय? आमची तर उसाच्या बांधावरच वाढली. मुलांसमोर मोबाइल बाजूला ठेवा, हे मी सांगत होते, तेवढ्यात पहिला फोन वाजला तो त्यांचाच.

पण पत्राचं खरं कारण वेगळं आहे. वर्गात एक मुलगी येते. बाळ पाच महिन्यांचं. काल सगळे गेल्यावर ती थांबली आणि बाळाकडे न बघता म्हणाली, बाई, ह्याला पाजते, धुते, पण ह्यो माझा हाय असं वाटतच न्हाय. डॉक्टरांकडे जायला ती तयार झाली आहे, मंगळवारी मी सोबत जाईन. तिला एवढंच हवं आहे, की असं झालेली आणि त्यातून बाहेर आलेली कुणीतरी तिला भेटावी. तिची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे. तू निकिताला विचारशील का? माझं पत्र माझी लेक उघडत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

तुझी,
ज्योत्स्नाताई


बारामती, १७ जानेवारी २०२५

ती. ताईस, सप्रेम सलाम वि. वि.

खुर्च्या त्या आयांना उचलायला सांग की. शाळेतली मॉनिटर अजून तुझ्या अंगातून उतरली नाही.

निकिताकडे जाणं मला सोपं नव्हतं. चार वर्षांपूर्वी तिचा यशराज दोन महिन्यांचा असताना तीसुद्धा असंच काही तुझ्याजवळ बोलली होती. तू घाबरलीस आणि चर्चमधल्या प्रार्थनेच्या पेटीत चिठ्ठी टाकलीस, तिच्या नावासकट. रविवारी पाळकसाहेबांनी ती भर उपासनेत वाचली. निकिता तिसऱ्या बाकावर होती, सासूच्या शेजारी. तू लेकीसाठी प्रार्थनाच मागितलीस, खरं आहे. पण औषधाने ती बरी झाली, तरी आजही यशराजला साधं खरचटलं की सासरी म्हणतात, हिला कुठली पोराची माया. ती तुला हे कधी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

मी गेले तेव्हा ती मेथी निवडत होती. मी पत्र वाचून दाखवलं, तिने मान वर केली नाही. शेवटी विचारलं, मावशी, त्या मुलीचं नाव काय? मी म्हटलं, ताईने लिहिलेलं नाही. तेव्हा तिने पत्र माझ्या हातातून घेतलं आणि पुन्हा स्वतः वाचलं. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. एवढंच विचारलं, की पाळकसाहेबांना सांगून झालं का. काय सांगू तिला?

तुझी धाकटी,
सुप्रिया


इंदापूर, २२ जानेवारी २०२५

चि. सुप्रियास, अनेक आशीर्वाद.

नाही सांगितलं. रविवारी मंडळीच्या पंचांनी वर्गातल्या आयांची नावं आणि अडचणी मागितल्या, प्रार्थनेच्या यादीसाठी. मी दिल्या नाहीत. एक पंच म्हणाले, बाई, प्रार्थनेपासून काय लपवायचं? मी म्हटलं, देवाला नावं पाठ आहेत. त्यांना राग आला. घरी येऊन मी न जेवताच आडवी झाले. हल्ली एवढ्या बोलण्यानेही अंग गळून जातं.

त्या मुलीचं औषध सुरू झालं आहे.

सासरचं मला माहीत नव्हतं. चार वर्षं मी स्वतःला सांगत आले, की पोरगी प्रार्थनेवर रुसली आहे. पुढचं तिला जसंच्या तसं वाचून दाखव. निकिता, तू मला विश्वासाने सांगितलंस आणि मी तुला न विचारता ते चारचौघांत नेलं. चूक माझी, पाळकसाहेबांची नाही. मला क्षमा कर असं म्हणायलाही मी उशीर केला.

तुझी,
ज्योत्स्नाताई


बारामती, २८ जानेवारी २०२५

ती. ताईस, सप्रेम सलाम वि. वि.

वाचून दाखवलं. तिने ओट्यावरची भांडी विसळून पालथी घातली. मग म्हणाली, आठ तारखेच्या शनिवारी येते. पण आई हॉलमध्ये नको, आणि नंतर मी घरीही येणार नाही. मी वाद घातला. तर म्हणाली, मावशी, मी त्या मुलीसाठी जातेय. आईचं नंतर बघू, आत्ता माझ्यात तेवढं बळ नाही.

मी सोबत येईन. हे लिहिताना जिवावर येतंय गं. तूच ठरव.

तुझी,
सुप्रिया


इंदापूर, ३ फेब्रुवारी २०२५

चि. सुप्रियास, अनेक आशीर्वाद.

ठरवायचं काय त्यात? मी घरीच थांबेन. दार लावून घेईन, म्हणजे रस्त्यावरून जाताना तिला अवघडायला नको. माया आहे तशी असू दे, आणि या म्हातारीला रागवायचा तुझा हक्कही.

तुझी,
ज्योत्स्नाताई

ता. क. हॉलची किल्ली शेजारच्या छबूबाईंकडे ठेवते, ती निकिताच्या हातात दे. हजेरीवही पाळकबाईंना दे, त्या दिवशीचा वर्ग त्या घेतील. मोठ्या थर्मासमधला चहा सगळ्यांना. छोट्यातला आल्याचा आहे, तो निकिताचा. यशराज आला तर डब्यातले शेंगदाण्याचे लाडू त्याला, पण आजीने दिले म्हणून सांगू नकोस, निकिताला वाटलं तर ती सांगेल. आतली खोली त्या दोघींना मोकळी ठेव. ती मुलगी आपण होऊन पुढे येईल, नाव सांगायचं की नाही ते तिचं ती ठरवेल. आणि दोघी काय बोलल्या ते चुकून तुझ्या कानावर पडलंच, तर माझ्यापर्यंत आणू नकोस. मी विचारलं तरी.