घरच्या माणसासारखं

सर, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. इकडे दोन हजार सात साल चालू आहे आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे, सिंगापूरला, बेडोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. नवरा आणि लेक सायकल चालवायला ईस्ट कोस्टला, समुद्रकाठी गेलेत, तोवर लिहून होईल.

लेकीला शाळेत अमेरिकेतल्या गुलामगिरीवर बोलायचं होतं. तिने विचारलं तेव्हा पोळ्या लाटता लाटता मी तुम्ही शिकवलेलंच सांगितलं. माणसं विकणं वाईटच, पण चांगले मालक त्यांना घरच्या माणसासारखं सांभाळायचे. त्या लोकांना शेतीतलं काही कळत नव्हतं, तिथे जाऊन शिकले. तीस वर्षांत एकदाही तपासून पाहिलं नव्हतं, आणि सांगितलं मात्र काय ठसक्यात! ती वर्गात तेच बोलली. घरी आली ती दप्तर आपटत. "आई, हू टोल्ड यू? नॉट ट्रू, लाह. सगळे माझ्याकडेच बघत होते." माझ्या सरांनी सांगितलंय, मी म्हटलं. वर तिलाच झापलं, की ते सर नसते तर तुझी आई आज भंडाऱ्याकडे लोकांच्या शेतात भात लावत असती.

ते काही खोटं नव्हतं. सातवीनंतर माझी शाळा सुटणार होती, तेव्हा तुम्ही आमच्या वस्तीत आलात, बापासमोर खाटेवर बसलात, आमच्या घरचा चहा प्यायलात. गावातल्या मोठ्या घरांतलं दुसरं कुणी असं कधी आलं नाही. बापाने त्याच दिवशी माझं नाव शाळेतून काढायचं नाही असं ठरवलं.

दोन दिवसांनी लेकीने लायब्ररीतलं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. त्यात चूक शोधायची म्हणूनच मी ते वाचायला घेतलं. त्यात भात निघाला, सर. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची माणसं पिढ्यान् पिढ्या भात पिकवत होती. बांध कसा घालायचा, पाणी कधी अडवायचं, कधी सोडायचं, सगळं त्यांच्या हातात होतं. अमेरिकेतल्या दलदलीत मालकांना त्यातलं फारसं येत नव्हतं, म्हणून काहींनी मुद्दाम भात जाणणारी माणसं विकत घेतली. आणि मागून म्हणायचं, त्यांना काही कळत नव्हतं. "सुखात होते तर पळून का जायचे?" लेकीने विचारलं. मी पान उलटलं.

माझा बाप पाटलांचा सालगडी. पाटील छत्री घेऊन बांधावर उभे आहेत आणि विचारतायत, "पाणी सोडायचं का रे आज?" बाप चिखलात वाकतो, रोपाच्या मुळाशी बोटं घालतो आणि सांगतो, उद्या. त्या वर्षी तालुक्याला उत्तम शेतकरी म्हणून पाटलांना फेटा बांधला. बापाला सगळे घरचा माणूस म्हणत. त्याचा पेला मात्र गोठ्याच्या कोनाड्यात असायचा.

आठवीत गुलामगिरीचा तो धडा शिकवताना तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "हिच्या बापालाच बघा. पाटलांकडे त्याला काय कमी आहे? काय गं, सुखात आहे ना?" मी उभी राहिले आणि म्हणाले, "हो सर." तुम्ही शाबास म्हणालात. मला फार बरं वाटलं, तेही लिहून टाकते.

तुमच्या मनात वाईट नव्हतं, ठाऊक आहे मला. आमच्याकडे चहा पिणाऱ्या माणसाने सांगितलं, म्हणून तर मी ते इतकी वर्षं सांभाळलं. तरी राग येतो तुमचा, खूप येतो.

काल लेकीला चुकले म्हटलं आणि वर्गातलं ते 'हो सर'ही सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आजोबांना सांगितलंस तेव्हा ते काय म्हणाले?"

सांगितलंच नाही, सर. बाप वारला, तोपर्यंतही नाही. तुमच्याशी भांडणं सोपं आहे. हे पत्र खरं तर बापाला लिहायला हवं होतं. त्याला वाचता येत नव्हतं, असं मी स्वतःला सांगते, पण खरी गोष्ट अशी की हिंमत होत नाही.