बापूस नाक्यावर उभा हाय

बाबा, मागच्या महिन्यात मी पोर्तुगालला जाऊन आले, लिस्बनला. एकटी. तू असतास तर विचारलं असतंस, सोबत कोन व्हता? धाकट्या भावानेही तेच विचारलं. मी म्हटलं, "मी होते की." त्याने मला पासपोर्ट पोटाला बांधायला लावला आणि मी कुठल्या गल्लीत आहे ते त्याला गावी अंजूरला बसून दिसेल, अशी सोय माझ्या फोनमध्ये करून दिली. पन्नाशी उलटलेली, कॉलेजात संस्कृत शिकवणारी बाई मी, पण घरच्यांच्या लेखी अजून पार्सलच.

पहिल्याच संध्याकाळी स्टेशनवरून खोलीकडे चालत निघाले आणि फोनची बॅटरी संपली. चढाची, चिंचोळी, दगडी गल्ली. एक गृहस्थ बाजूने चालू लागला. कुठून आलात, एकट्याच का, खोली कुठे, बॅग द्या. नको म्हटलं तरी त्याने बॅगेच्या दांड्याला हात घातला, तो सोडेना. पुढेमागे चिटपाखरू नाही. इतक्या वर्षांचं काव्यशास्त्र आठवून पाहिलं, कामाचं एक अक्षर सापडलं नाही. सापडलास तू.

आपल्याकडचा धामणकर नाका. मी कॉलेजातली पोर, तू शिफ्टच्या आधी मला अंजूरच्या शेअर रिक्षात बसवतोयस. कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटाने तुझे कान कधीचे गेलेले, त्यामुळे तुझं कानातलं बोलणंही अख्ख्या नाक्याला ऐकू जातं. "पोरी, डायवरला मोठ्यान सांग, बापूस गावच्या नाक्यावर उभा हाय." मी लाजेने अर्धी. "बाबा, हे खोटं आहे. तू तर ड्युटीवर असणार." "तुझा संस्क्रुत कालेजात ठेव. तो काय बघाला येनार हाय?" ड्रायव्हर वळून म्हणतो, "चाचा, सुन लिया. बापूस खडा है." सगळी रिक्षा हसते. त्यानंतर तो ड्रायव्हर मी गल्लीत शिरेपर्यंत गाडी हलवायचा नाही, हे मात्र तुला कधी कळलं नाही.

तर लिस्बनला मी थांबले. वरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून इंग्रजीत सांगितलं, माझे वडील तिथे उभे आहेत. मग तुझा लूमवरचा आवाज काढला, "बाबा, आले रे, बॅग धर." नाटकात अशा वेळी आकाशवाणी होते. इथे खटाखट खिडक्या उघडल्या, आणि एकीतून बनियनमधले एक आजोबा वाकून हात हलवू लागले. काय कळलं असेल त्यांना कोण जाणे. त्या गृहस्थाने दांडा तापलेल्या तव्यासारखा सोडला आणि उतारावरून जो गेला तो गेलाच.

पुढचा आठवडाभर मी ते शहर एकटीने पालथं घातलं. कुणी जास्त चौकशी केली की तुला उभं करायचे. कधी ट्रामच्या थांब्यावर, कधी नदीकाठी, एकदा तर अंघोळीला पाठवलं. जिवंत होतास तेव्हा लूम सोडून कल्याणपलीकडे गेला नाहीस, आणि जाऊन वीस वर्षं झाल्यावर युरोप फिरलास, तोही बिनव्हिसाचा.

धाकट्याला एवढंच सांगितलं, की सोबत चांगली मिळाली. कोण, ते तो अजून विचारतोय. हे पत्र टाकायला तुझा पत्ता नाही, म्हणून कपाटातच राहील. त्यात एक गोष्ट लिहून ठेवते. त्या संध्याकाळी चढ संपवून कोपऱ्यावर पोचले, तेव्हा मी थांबले आणि डावीउजवीकडे खरंच बघितलं.