शिलाई मशीनची मिस्त्रीण

दि. १२ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इकडची बातमी आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. डोळ्यांच्या डॉक्टरांनी परवा स्पष्टच सांगितलं, की यांची गेलेली नजर परत येणार नाही. उरली आहे ती थेंब घालून टिकवायची. यांना आता उजेड कळतो, दारात कोणी उभं आहे एवढं कळतं. सुईचं नेढं, स्क्रूची खाच, ते सगळं संपलं. दवाखान्यातून आल्या आल्या यांनी दुकानाचं शटर ओढलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि वर येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. तीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त करणारा माणूस, दादा! आत लोकांची अकरा मशिनं तशीच पडली आहेत.

तुला हसू येईल, पण ती मशिनं मी दुरुस्त करायची ठरवलंय. इतकी वर्षं मी त्या दुकानात पुढे बसून चिठ्ठ्या फाडल्या, सुया आणि पट्टे विकले, पण स्क्रूड्रायव्हर कधी हातात धरला नाही. यांना म्हटलं, मला शिकवा. तर म्हणाले, एक्कावन्नाव्या वर्षी हात नवीन वळण घेत नाहीत, उगाच लोकांच्या मशिनांचं वाटोळं करशील. तीनदा विचारलं. चौथ्यांदा यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग मीही हट्टाला पेटले. पहिल्यांदा माझं स्वतःचं मशीन उघडलं. उघडायला अर्धा तास, जोडायला दोन दिवस, आणि जोडून झाल्यावर तीन स्क्रू हातात उरले! मशीन मात्र ढिम्म हलेना.

एकटीने शिकायचं तर मन लवकर विटतं, म्हणून तुलाही ओढते आहे. छापखान्यातली प्रुफं वाचायची नोकरी संपल्यापासून तू आरामखुर्चीला चिकटलायस असं वहिनीने कळवलंय. तूही काहीतरी नवं शीक. अधूनमधून एकमेकांना पत्र लिहायचं, आणि त्यात थाप मारायची नाही. आहे कबूल?

वहिनीला नमस्कार. धाकटीवर जीव आहे तो तसाच असू दे.

तुझी,
बारकी


दि. २ जुलै

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कबूल. तीन स्क्रू उरल्याचं वाचून तुझी वहिनी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग मी काय शिकणार ते सांगितल्यावर तिला खाली बसावंच लागलं. मी पोहायला शिकणार आहे. गुडघ्याच्या वर पाणी आलं की माझी बोबडी वळते, हे तुला ठाऊकच आहे. पण शिकायचं तर ज्याची भीती वाटते तेच शिकावं, असा विचार केला आणि आमच्या पेठेमागच्या तलावात नाव घातलं. माझ्या तुकडीत मी धरून सात जण. मी सोडून बाकी सगळ्यांच्या तोंडात अजून दुधाचे दात आहेत.

मेहुणेबुवांवर रागावू नकोस. त्यांची नजर गेली त्यासोबत आणखी बरंच काही गेलंय, आणि ते काय ते त्यांनाच नीट उमगलेलं नसेल. ते शिकवत नाहीत तर नसू देत. छापखान्यात मी नवा होतो तेव्हा आमच्या प्रमुखांनी एकच सांगितलं होतं, की वाक्य वाचू नकोस, अक्षरं वाच. वाक्य वाचलं की मन जे हवं ते वाचतं, अक्षरं वाचली की जे आहे ते दिसतं. तूही मशीन बघू नकोस, एकेक तुकडा बघ. स्क्रू काढायच्या आधी त्याचं चित्र काढ, त्याला आकडा दे, मगच हात लाव. आणि मन लागत नसेल त्या दिवशी गजराचं घड्याळ लाव. तासभर बसायचं, मन येवो न येवो.

तब्येतीला जपून राहा. थोरल्याचा आशीर्वाद पाठीशी आहेच.

तुझा,
दादा


दि. २६ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू अर्धा तलाव पोहलास हे मागच्या पत्रात वाचून मी घरभर मिरवलं. माझ्याकडे मिरवण्यासारखं काही नाही. म्हणजे होतं. तुझ्या सांगण्याप्रमाणे वही केली. अंड्यांचा एक पुठ्ठ्याचा ट्रे आणला, एकेका खळग्यात एकेक स्क्रू, खळग्यांना आकडे. रोज दुपारी दोन ते चार. सुई खाली जाते, केसभर वर येते, तेवढ्यात दोऱ्याचा फास पडतो आणि खाली फिरणाऱ्या शटलचं टोक तो फास अलगद उचलून नेतं. हे ज्या दिवशी समजलं त्या दिवशी मी एकटीनेच दुकानात टाळ्या पिटल्या. टाका का सुटतो, दोरा का तुटतो, कापड पुढे का सरकत नाही, हळूहळू हात बसू लागला. अकरातली चार मशिनं चालती करून लोकांना परत दिली. हे वर बसून सगळं ऐकत असतात, पण कधी एका शब्दाने विचारत नाहीत.

पाचवं मशीन शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बाईंचं. मी ते मोठ्या ऐटीत दिलं. दुसऱ्याच दिवशी त्या रिक्षात मशीन घालून दारात हजर! दारातच झाकण उघडून पाहिलं, तर सुईचा दांडा बसवताना मी स्क्रू पुरता आवळला नव्हता. दांडा घसरला, सुई शटलवर आपटली, शटलचं टोक मोडलं. बाईंचं काम ऐन घाईत अडलं. त्यांनी सगळ्या गल्लीसमोर माझी अशी खरडपट्टी काढली की शेजारचा चहावालासुद्धा गॅस बंद करून ऐकत उभा राहिला. त्यांचं काही चुकलं नाही. मशीन पुन्हा दुरुस्तीला माझ्या हाती न देता त्या परत घेऊन गेल्या. मी वर आले तर हे एवढंच म्हणाले, शटर ओढून घे.

आज नऊ दिवस झाले, दुकान बंद आहे. दादा, मला आपल्या करारातून मोकळी कर. तुझं चाललंय तसं चालू दे. मला खरंच नाही जमणार.

रागावू नकोस, एवढीच विनवणी.

बारकी


दि. ४ ऑक्टोबर

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

मोकळी करणार नाही. आणि का नाही ते लिहिताना माझीच मान खाली जाते आहे. मी अर्धा तलाव पोहलेलो नाही. पाव तलावही नाही. गेले तीन महिने मी उथळ बाजूला, छातीभर पाण्यात, लोखंडी दांडा घट्ट धरून उभा असतो. शिकवणाऱ्या बाई रोज हसून म्हणतात, आजोबा, आज हात सोडा. मी रोज मान डोलावतो आणि रोज दांडा धरून ठेवतो. तुला खरं लिहायची लाज वाटली, म्हणून थाप मारली. तू मात्र फजितीचं अक्षर न् अक्षर लिहिलंस. आपल्या दोघांत पुढे कोण आहे ते तूच ठरव.

आणखी एक, आजवर घरात कोणाला न सांगितलेलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी वाचलेलं भूगोलाचं पाठ्यपुस्तक मुखपृष्ठावरच्या चुकीसकट छापून बाहेर पडलं. मुखपृष्ठावरच्या! दुसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहून नेला. प्रमुखांनी तो बाजूला ठेवला, तेच पुस्तक माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाले, पुन्हा वाच, पहिल्या पानापासून. त्या दिवसानंतर सदतीस वर्षं एकही मुखपृष्ठ मी नुसतं नजरेखालून घातलं नाही.

तेव्हा ऊठ. त्या बाईंच्या घरी जा, माफी माग, मशीन परत आण. स्क्रू कुठला सैल राहिला हे तुझं तुलाच सापडलं आहे, ही काय लहान गोष्ट आहे? इकडे मी उद्या दांडा सोडतो. यात वहिनीला साक्षीदार ठेवलं आहे, म्हणजे थापेला जागा नाही.

तुझ्यावर भरवसा आहे, पहिल्यापासून आहे.

दादा


दि. १९ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

लिहायला उशीर झाला, कारण हात रिकामा नव्हता. आता ऐक.

गेले बाईंकडे. त्यांनी दार उघडलं पण आत या म्हणाल्या नाहीत. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगितलं, चूक माझी, अमुक स्क्रूची, आता ती होणार नाही.  त्या म्हणाल्या, दुसरा मिस्त्री आठ दिवसांनी येतो म्हणतोय, तोवर न्या. पण चार दिवसांत नाही झालं तर पुन्हा तोंड दाखवू नका.

नवं शटल घातलं, दांडा नीट बसवला, स्क्रू दोनदा आवळून पाहिला. मशीन चालवलं तर टाका सुरेख, पण प्रत्येक टाक्याला आतून टक्, टक्. तेवढ्यात वरून यांनी काठी आपटली. मी थांबले. मग जिन्यावर पावलं वाजली. दादा, पाच महिन्यांनी हे कठड्याला धरून खाली दुकानात आले! स्टुलावर बसले, पुन्हा चालव म्हणाले, आणि कान देऊन ऐकून म्हणाले, सुई खालच्या पट्टीला घासते आहे. मी म्हटलं, नाही, सुई बरोबर मधोमध पडते आहे, मी पाहिलंय. ते म्हणाले, तीस वर्षं हा आवाज ऐकतोय मी. त्यांचा मान ठेवून पट्टी बदलली. टक् टक् तशीच.

मग मी जुनं, मोडलेलं शटल वहीच्या पानावर ठेवलं आणि एकेक तुकडा मोजला, तुझ्या अक्षरांसारखा. टोकाचा एक बारीकसा कण कमी होता. बाहेर नाही, म्हणजे आतच असणार. शटल फिरतं ती खोबण उघडली, बोटाने चाचपली, तर तिथे रुतलेला होता, नखाएवढासुद्धा नाही. चिमट्याने काढला. मशीन चालवलं आणि दादा, नुसती सळसळ!

 यांनी हात पुढे केला. तो कण मी त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो दोन बोटांत फिरवून पाहिला आणि विचारलं, कसा शोधलास? इतक्या महिन्यांत पहिल्यांदा यांनी मला काही विचारलं होतं. मी सांगत गेले, ते ऐकत गेले, चहा निवून गेला.

बाईंनी शिवून पाहिलं. कौतुक केलं नाही. पण काल त्यांच्या बहिणीचं मशीन पाठवलंय.

तुझ्या दांड्याचं काय झालं ते खरं खरं लिही. खाली वहिनीच्या दोन ओळींचं शेपूट जोडल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही.

तुझी आणि तुझीच शिष्या,
बारकी


दि. २० जानेवारी

चि. बारकीस,
पोतंभर आशीर्वाद.

तुझं पत्र मी छापखान्यातल्या जुन्या मंडळींना वाचून दाखवलं. आमचा खिळे जुळवणारा म्हातारा जुळारी, ज्याने आयुष्यात कोणाला बरं म्हटलं नाही, तो म्हणाला, ही पोरगी आपल्या खात्यात हवी होती. मी कॉलर ताठ केली.

दांडा सुटला. पहिल्या दिवशी नाकातोंडात पाणी गेलं, दुसऱ्या दिवशीही गेलं. पंधराव्या दिवशी तरंगलो. काल तलावाची रुंदी एका दमात ओलांडली. पलीकडच्या काठाला हात लागला तेव्हा माझ्या तुकडीतल्या सगळ्या चिल्ल्यापिल्ल्यांनी आरडाओरडा केला, आणि मी, त्रेसष्ट वर्षांचा गृहस्थ, काठाला धरून चक्क रडलो. पाण्यात कोणाला कळत नाही हे बरं.

तुझा अभिमान वाटतो, बारके. बाकी सगळं वहिनी लिहील.

दादा

ता. क. वन्सं, मी काठावर उभी राहून या डोळ्यांनी पाहिलं. कपाट वाहत चाललंय असं दिसतं, पण त्याला पोहणंच म्हणतात. थाप नाही. तुमची वहिनी.


दि. १७ मार्च

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

पत्र मी सांगतो आहे, अक्षर तुमच्या बहिणीचं आहे. जसं सांगेन तसंच लिहायचं असं तिच्याकडून आधी कबूल करून घेतलंय.

गेल्या आठवड्यात इथल्या मोठ्या इस्पितळाच्या शिवणखात्यातून बोलावणं आलं. चादरी आणि डॉक्टरांचे कोट शिवणारी अठरा मशिनं, बरीचशी आजारी. ही पिशवी घेऊन गेली. तिथल्या मुख्य बाईंनी विचारलं, मिस्त्री मागून येताहेत का? हिने पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, आलेत. तीन दिवसांत सतरा मशिनं हिने चालती केली. अठराव्याला हात जोडले आणि स्पष्ट सांगितलं, की हे आता उठणार नाही, याचे भाग मात्र जपून ठेवा. मी असतो तर मानापायी आणखी चार दिवस त्याच्याशी झटलो असतो.

तिसऱ्या दिवशी मी हट्ट करून हिच्याबरोबर गेलो आणि तिथल्या बाकावर बसलो. मुख्य बाईंनी सगळ्याजणींना एकदम मशिनं चालवायला सांगितली. दादा, माझी नजर गेली, पण कान अजून मिस्त्रीचेच आहेत. मी एकेक आवाज सोडवून घेत गेलो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सतरा मशिनं, आणि कानाला एकही टोचलं नाही. मला तिथे बसवेना, उठून उभा राहिलो. एका बाईंनी विचारलं, काका, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, ती माझी बायको आहे.

इथे लेखणी थांबली आहे. मला ऐकू येतं. पुढे लिही म्हटल्यावर सुरू झाली.

मी हिला शिकवलं नाही. हिने मागितलं तेव्हा मी भिंतीकडे पाहत बसलो. ते माझ्या मनात राहील, आणि ते तुम्हाला कळवणं मला जरूर वाटलं. तुम्ही लांबून हिला धरून ठेवलंत, त्याबद्दल काय म्हणू? घरच्यांचे आभार मानायचे नसतात म्हणून गप्प बसतो.

पत्र पुरं झाल्यावर हिला वाचून दाखवायला सांगितलं. हिने एक वाक्य गाळलं होतं. लिहिते म्हणून सांगून नुसती लेखणी हवेत फिरवली असणार. ते आता माझ्यासमोर, मोठ्याने उच्चारत लिहायला लावतो आहे. ते असं: मिस्त्री म्हणून ही माझ्या पुढे गेली आहे; न बघता नुसत्या बोटांनी मशीन उघडता येतं असं ही म्हणते, आणि उद्या सकाळी दहापासून मी हिच्या हाताखाली शिकायला बसतो आहे.

आपला,
मेहुणा