शपथ सुटली म्हण

आई, तुला वाचता येत नव्हतं आणि माझी शाळा सातवीत सुटली, त्यामुळे हे पत्र दोघांच्याही कामाचं नाही. तरी हेंद्रेपाड्याच्या घरात, गॅसचं बटण पुन्हा पुन्हा तपासून झाल्यावर, मी लिहायला बसलो आहे. पोरगी हे घर सोडून चालली आहे. कायमची, असं ती म्हणाली नाही, पण तिची गादी तिने शेजारच्या बाईला देऊन टाकली.

दत्तक देणाऱ्या संस्थेतून आम्ही तिला आणली तेव्हा ती आठ महिन्यांची होती, आणि तू हट्ट धरलास की पाचवी पुजायचीच. "सटवाईनं हिचं नशीब दुसऱ्याच्या घरी लिवलंय. आपल्या घरी पुन्हा लिवू दे." तुझ्या सुनेला तू बाळंतिणीसारखी खाटेवर निजवलीस, डोक्याला फडकं बांधलंस, भर उन्हाळ्यात खाटेखाली शेगडी ठेवलीस. ती बिचारी घामाने निथळत होती. पाटा-वरवंटा मांडून झाला, उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून फोटोवाला आला. आणि पूजा उरकल्यावर तू माझा हात धरून पोरीच्या डोक्यावर ठेवलास. "ही आणलेली हाय, हे कवा तोंडातून काढायचं नाय. हिची शपथ हाय तुला." मी हसतच शपथ घेतली. तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

तू गेलीस तेव्हा ती दुसरीत होती. नववीत असताना तिने ते पूजेचे फोटो कपाटातून बाहेर काढले. "पप्पा, पाचव्या दिवशी मी बसलेय? आणि हे बघा, दोन दात!" तुझी सून उठून ओट्याकडे गेली. मी म्हटलं, फोटोवाल्याच्या लाइटचा घोळ असेल. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "आजीने निदान माझं तोंड तरी मिटून ठेवायचं!" पण त्या दिवसापासून कुठलाही फोटो ती डोळे बारीक करून बघते. पुढे ती उल्हासनगरच्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याबरोबर लाइट धरायला जाऊ लागली, मग कॅमेरा धरायला. मी जीन्सच्या कारखान्यात कटिंगला होतो. शेठ म्हणायचा, "अरे काका, बेटी को हिरोइन बनाओ, कॅमेरे के पीछे क्या रखा है?" तिच्या कॅमेऱ्यात नुसत्या बायका असतात. शिवमंदिराच्या रांगेतल्या, बारवी धरणाकडून रानभाज्या घेऊन येणाऱ्या, दुकानात भाव करणाऱ्या. मी एकदा विचारलं, "कोण गं या?" म्हणाली, "माहीत नाही ना. म्हणून तर घेते." एकेकीच्या नाकावर, कानावर ती थांबते. ती कोणाचं नाक शोधते आहे ते मला कळलं, आणि घरात दूध असताना मी दूध आणायला खाली उतरलो.

मग तिने स्वतःवरच पिक्चर करायला घेतला. तुझी सूनही गेली, म्हणजे सांगणारा मी एकटा उरलेला. ती मला खिडकीजवळ बसवते, शर्टाला माइक लावते. "पप्पा, संस्थेचे कागद मी सगळे पाहिलेत. मला माहिती नकोय. तुमच्या तोंडून एकदाच ऐकायचंय. मी या घरात कशी आले?" मी म्हणतो, पंखा बंद कर, आवाज येत असेल. ती बंद करते. मी म्हणतो, तू जेवलीस का? "पप्पा, तुम्हाला माझी लाज वाटते का?" आता हिला काय सांगू? मी बोललो आणि दुसऱ्या दिवशी हायवेवर हिच्या स्कूटीला काही झालं तर? आणि का बोलत नाही हे सांगायचं तरी तेच सगळं बोलावं लागतं. शपथ ज्याने घातली त्यानेच सोडवायची असते. लहानपणी माझ्या कितीतरी शपथा तू "सुटली" म्हणून मोकळ्या केल्यास. तुझ्या शेवटच्या दिवशी मी चमच्याने तुझ्या तोंडात पाणी घालत होतो, तेव्हा एवढं एक मागून घ्यायचं मला सुचलं नाही.

अंबरनाथच्या एका हॉलमध्ये पिक्चर दाखवला. शेवटी मी आहे. खूप वेळ आहे. गप्प बसलेला, कपाळावर घाम. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक जण येऊन म्हणाला, "काका, काय अ‍ॅक्टिंग केलीत!" ती लांब उभी राहून वायर गुंडाळत होती. जिन्यात मी तिचं मनगट धरलं, म्हटलं, थांब, सांगतो. काय सांगणार होतो देव जाणे. तिने हळूच हात सोडवून घेतला. "आता नको, पप्पा. तुमच्यासमोर कॅमेऱ्यामागे बसून मी जेवढी वाट बघायची तेवढी बघितली."

लिहिणं हे बोलण्यात धरतात की नाही, मला ठाऊक नाही. म्हणून ती सामान न्यायला येईल त्याआधी हा कागद फाडून टाकीन. तुझ्या फोटोसमोर बसून मी दोन-तीनदा "सुटली म्हण" असं म्हणून पाहिलं. पण आई, तू म्हटलं असतंस, तरी मी बोललो असतोच असं नाही. बोललो असतो तर ती तिला जन्म देणाऱ्या त्या दुसऱ्या बाईला शोधायला गेली असती, आणि तुझ्या शपथेमागे लपायला मला बरं वाटत होतं.