पडद्याचा उजवा कोपरा

लोणावळे, ९ जानेवारी १९२६
हे पुण्याहून परतले. नाटक मंडळीने नवा पडदा पहिल्यांदा सोडताना नारळ फोडला, ह्यांना उपरणं नि तो नारळ दिला. टाळ्या पुष्कळ. घरात शिरताच ह्यांनी दोन्ही आक्कासमोर ठेवली. पडदा तिनेच रंगवलेला. सही मात्र ह्यांची, कारण शाळेतले ड्रॉइंग मास्तर हे.
"आक्का, हे तुमचं."
"उपरणं तुम्हीच मिरवा, मास्तर. नारळ द्या, उसळीत घालते."
हसली. माझी थोरली बहीण. वैधव्य आल्यापासून आमच्याकडेच. हसते तेव्हा धाकटी वाटते.

१७ जाने.
नवं काम. मंडळीला डोंगरांचा देखावा हवाय. कामशेतहून मांजरपाटाचं जाड कापड आणलं, मागच्या रिकाम्या वखारीत ताणून बसवलं. कामाला येणारी सखू नाकाला पदर लावून रंगात घालायचा सरस कढवते. "वास लय वंगाळ, आक्का, पर डोंगुर ब्येस! ह्यो तर आमचा तिकोना. मंग माजं घर कुटं हाय?" आक्काने पायथ्याशी खोपट काढलं, वर धूर. सखू बघत राहिली, सरस उतू गेला. मी गोष्ट लिहायला बसले होते, एक ओळ झाली नाही.

२५ जाने.
मंडळीचे मालक न कळवता आले. थेट वखारीत. शिडीवर आक्का, कोपरापर्यंत निळी.
"मास्तर कुठं आहेत?"
"शाळेत. मुलांना आंब्याचं चित्र शिकवताहेत."
काय ते मालकांच्या ध्यानात आलं. ओसरीवर चहा घेतला. म्हणाले, काम उत्तम, पण बाईच्या हातचा पडदा म्हटलं की आमचे नट कुरकुरतील, लोक नावं ठेवतील. सही मास्तरांचीच असू द्या, वर्षाला चार पडदे देतो. आक्काने कपबश्या उचलल्या. परत शिडीवर चढली.

२६ जाने.
हे म्हणाले, "यापुढे मी सही करणार नाही."
"तुमचा बाणा राहील, मास्तर. माझे पडदे जातील."
खरंच आहे. ह्या कामाशिवाय तिच्याजवळ दुसरं काय...

३ फेब्रु.
देखावा पुरा झाला. उजवा खालचा कोपरा तेवढा कोरा. आक्का त्याच्यासमोर चटई टाकून बसलेली. जेवायला हाक मारली. "येते" म्हणाली. आली नाही.

४ फेब्रु.
सकाळी तिने नाव घातलं. स्वतःचं, पूर्ण. वीतभर अक्षर.
"अगं, एवढं मोठं?"
"नाटकाला बायकांना मागे बसवतात. तिथून वाचता यायला नको?"
दुपारी मंडळीचा माणूस पडदा न्यायला आला. कोपऱ्यापाशी थबकला. "मालकांना विचारून येतो," म्हणाला आणि रिकाम्या हाताने स्टेशनकडे गेला.

११ फेब्रु.
कुणी आलं नाही. पत्रही नाही. हे रोज पोस्टात डोकावून येतात, सांगत नाहीत. संध्याकाळी आक्काला विचारलं, पडदा गुंडाळून ठेवायचा का?
"राहू दे. अजून ओला आहे."
हात लावून पाहिला. केव्हाच सुकलाय. तरी वारा लागावा म्हणून मी वखारीची खिडकी उघडी ठेवून आले.